अकरावी १९७२ची बॅच: मुलांचे पत्ते आहेत, मुली कुठे शोधायच्या?

भोईवाडाकर

मंडळी, मदत हवी आहे. प्रकरण जरा किचकट आहे म्हणून सविस्तर लिहितो.

आमची परळची शाळा, मार्च १९७२ची एसएससी, म्हणजे जुनी अकरावी. आता सगळे सत्तरीच्या आसपास. मुलांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जोरात आहे आणि दर डिसेंबरात भेटणं होतं. डिसेंबरच का, तर अकरावीतला डिसेंबर आमच्यातलं कुणीच विसरलेलं नाही. ३ डिसेंबर १९७१, शुक्रवार. संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या पश्चिमेकडच्या विमानतळांवर हल्ले केले, मध्यरात्रीनंतर इंदिरा गांधी रेडिओवर बोलल्या आणि मुंबई लगोलग काळोखात गेली.

चाळीत प्रत्येक बिऱ्हाडाच्या काचांना खाकी कागद लागला. खळ घरचीच. गाड्यांचे दिवे वरून अर्धे काळे रंगवलेले. आम्हा एनसीसीच्या पोरांना काम मिळालं: होमगार्डबरोबर चाळी-चाळीतून फिरायचं आणि कुठे उजेडाची फट दिसली की खालून ओरडायचं, "तिसरा मजला, दिवाऽऽ!" एरवी ज्यांच्यासमोर मान वर करायची हिंमत नव्हती अशा लोकांवर ओरडायला मिळत होतं, त्यामुळे ड्यूटी कुणी चुकवत नसे. गिरणगावात भोंग्याची सवय जन्मापासूनची. गिरणीचा भोंगा सरळ वाजे, हल्ल्याच्या इशाऱ्याचा सूर वरखाली होई आणि धोका टळला की पुन्हा सरळ. त्यामुळे आमची आजी रात्रपाळीचा भोंगा झाला तरी "टळलं एकदाचं" म्हणून कंदिलाची वात मोठी करायची. मुंबईवर बॉम्ब काही पडला नाही. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि आम्ही पुन्हा प्रिलिमच्या अभ्यासाला लागलो.

निकालाच्या दिवशी आमच्या मॉनिटरने शाळेच्या फाटकात उभं राहून एका लांब वहीत सगळ्यांचे पत्ते लिहून घेतले. मॉनिटरपणाची खोड, दुसरं काय! पण बॅच टिकली ती त्या वहीमुळे. कुणी बेस्टमध्ये लागला, कुणी गोदीत, कुणी गिरणीत बदलीवर. पत्ता बदलला की मॉनिटरला पोस्टकार्ड टाकायचं, हा शिरस्ता. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि वहीतली पानंच्या पानं खोडली गेली. खोली नंबर, चाळ, गल्ली यांवर काट आणि शेजारी "मु. पो.", कुणाचं राजापूर, कुणाचं पाटण. पुढे चाळी पाडल्या, टॉवर आले, पत्ते पुन्हा फिरले: डोंबिवली, विरार, बदलापूर. पण माणूस वहीत राहिला.

मुलींचं पान मात्र ७२ सालीच थांबलंय. वडिलांचा पत्ता आणि पुढे केव्हातरी मॉनिटरच्या अक्षरात "लग्न झाले". बस. फेसबुकवर शोधून झालं. माहेरचं आडनाव गेलेलं आणि कितीतरी जणींचं पहिलं नावही सासरी बदललेलं असणार. शोध म्हणून टाइप तरी काय करायचं?

त्यातल्या एकीचा शोध मला जास्त आहे. (गैरसमज नको, सौ. इथे वाचत असतात.) तिचा थोरला भाऊ नौदलात होता. ९ डिसेंबरला दीवजवळ आयएनएस खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. भाऊ दुसऱ्या जहाजावर होता, पण ते जहाज कुठे आहे, बरं आहे की नाही, घरच्यांना कोण सांगणार? पत्ता एकच, नौदलाचं टपाल कार्यालय: फ्लीट मेल ऑफिस, मुंबई. ती रोज शाळेत येत होती, दुसऱ्या बाकावर बसत होती आणि आमच्यापैकी कुणी तिच्याशी चकार शब्द बोललं नाही, कारण मुलगे मुलींशी बोलतच नसत. मग एका सकाळी ती आंतरदेशीय पत्र घेऊन आली. मराठीच्या बाईंनी तास थांबवून तिला ते मोठ्याने वाचायला लावलं. पत्रात लढाईचं अवाक्षर नव्हतं. जेवण बरं आहे, अभ्यास कर, आईला खालून पाणी वाहू देऊ नकोस, आणि माझी सायकल कुणाला देऊ नका. सायकलीवर आम्ही पोरांनी टाळ्या वाजवल्या.

येत्या डिसेंबरात मुलीही हव्यात असं ठरलंय. कुणी असं शोधकाम केलंय का? कसं केलंत?

चकलीची_भाजणी

छान धागा. वाचतेय.

खडूफळा

मी शाळेत लिपिक होतो, त्यामुळे सांगतो. शाळेचं जनरल रजिस्टर कायम जपलेलं असतं, पण त्यात पाहून फायदा नाही. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याची तारीख, एवढंच. तुमच्याकडे वहीत आहे तेवढंच तिकडे. नोकरी करणाऱ्या बायकांनी राजपत्रात नाव बदलल्याचं छापलं असेल तर जुनं-नवं नाव एकत्र मिळतं, पण साल माहीत नसताना राजपत्र चाळणं म्हणजे शिक्षाच.

माणदेशी

आमचीपण ७२ची अकरावी, पण माण तालुक्यातली. लढाई आम्ही ग्रामपंचायतीच्या रेडिओवर ऐकली. वर्गातली काही पोरं आधीच भरती झालेली. एकाचं पत्र यायचं, त्यावर गावाचं नाव नाही, नुसतं "५६ एपीओ", म्हणजे लष्कराचं टपाल. पोस्टमन ते पत्र हातात द्यायच्या आधी पारावर दाखवून यायचा.

पण खरं सांगू का, ७२ म्हटलं की आमच्या बॅचला लढाई आठवत नाही, दुष्काळ आठवतो. निकाल लागला आणि पाऊस गेला तो गेलाच. अकरावी पास झालेली पोरं-पोरी एकाच दुष्काळी कामावर खडी फोडायला. घरात मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या, लालसर भाकरी, कामावर सुकडी. तुम्ही म्हणता मुलं-मुली बोलत नव्हती. आमच्याकडं पण शाळेत नव्हती. पाझर तलावाच्या कामावर बोलायला लागली. कारण मुकादम माप कमी लिहायचा. लांबी, रुंदी, खोली धरून घनफळ काढायला आमच्या वर्गातली एक पोरगी पटाईत होती. तिनं मातीत काटकीनं हिशोब मांडला आणि मुकादमाला सगळ्यांच्या देखत आकडा बदलायला लावला. बोर्डाच्या परीक्षेत तिला गणितात किती पडले मला माहीत नाही, पण त्या आठवड्याचा पगार सगळ्या टोळीला पुरा मिळाला.

आम्हाला मुली शोधाव्या लागल्या नाहीत. दिल्या त्या दहिवडी, आटपाडी, फार तर विट्याला, एसटीच्या एका तिकिटावर. म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला माहेरवाशिणी येतात, तीच आमची बॅचची बैठक. व्हॉट्सअ‍ॅप आत्ता आलं.

चकलीची_भाजणी

माणदेशी, त्या काटकीवाल्या मुलीवर वेगळा धागा काढा ना!

मोगरा_दादर

भोईवाडाकर, राग मानू नका, पण "मुली हरवल्या" वाचून हसू आलं. आम्ही कुठेही हरवलो नव्हतो. आमची खबर तुमच्या वहीकडे येत नव्हती, एवढंच.

माझी शाळा दादरची, बॅच ७३ची. लग्नात ताटातल्या तांदळात नवऱ्याने अंगठीने नवीन नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले आणि मी दुसरी कुणीतरी झाले. एसएससीचं सर्टिफिकेट एका नावाचं, रेशनकार्ड दुसऱ्या नावाचं. बँकेत नोकरी लागली तेव्हा या दोघी एकच, असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. पण माझ्या मैत्रिणींना मी कुठे आहे ते कायम माहीत होतं, कारण आमचे पत्ते आयांकडे असायचे. मे महिन्यात माहेरपणाला आलं की आईच सांगायची, तुझी ती कुर्ल्याला दिलेली आलीय, दुसरी खेप आहे, भेटून ये. संक्रांतीचं हळदीकुंकू, कुणाची मंगळागौर, कुणाचं डोहाळजेवण. या सगळ्याला तुम्ही बायकांचे सोपस्कार म्हणता. आमचं बॅच रियुनियन तेच होतं, वर्षातून चार वेळा, आणि वर्गणी नाही.

आया गेल्या तसं ते विरळ झालं हे खरं. म्हणून उपाय सांगते. तुमच्या मॉनिटरने चौकशी केली असेल ती मुलीच्या भावाकडे. भावाला विचारलंत तर "असते कुठेतरी ठाण्याकडे" इतकं उत्तर येतं. वहिनीला विचारा. वहिनीला नणंदेचं नवं नाव, सोसायटीचं नाव, जावई कुठून रिटायर झाले, गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं, सगळं तोंडपाठ असतं. दुसरं म्हणजे एसएससीनंतर मुली कुठे गेल्या ते आठवा: टायपिंग, शिवणक्लास, डी.एड., नर्सिंग. वर्गातल्या दोघी-तिघी एकाच क्लासला जायच्या, आणि ती जोडी सहसा तुटत नाही. एकजण सापडली की बाकीच्या आपोआप येतील.

युद्धाची आठवणही आमची वेगळी. तुम्ही पोरं काळोखात हुंदडत होतात, आम्हाला दिवेलागणीच्या आत घरात. आम्ही चौघीजणी कॉटखाली कंदील घेऊन बसायचो, कॉटवरून चादरी खाली सोडलेल्या, आणि भूमितीची प्रमेयं पाठ करायचो. रॉकेलच्या वासाने डोकं चढायचं. एकदा चादरीचं टोक काचेला लागून करपलं, तर आईला ओरडायचंही सुचेना, कारण ओरडली असती तर खालून एनसीसीवाले धावत आले असते. बंगालच्या निर्वासितांसाठी कपडे गोळा करणं आमच्याकडे होतं. जवळजवळ एक कोटी माणसं सीमेपलीकडून आली होती. आमच्याकडे आलेली जुनी नऊवारी लुगडी आम्ही फाडून लहान मुलांची दुपटी शिवायचो. पाकिटावर ५ पैशांचं निर्वासितांच्या मदतीचं जादा तिकीट लावावं लागायचं ते आठवतंय का कुणाला? ते नसलं की पत्र अडायचं, म्हणून आमच्या बाई वर्गातच एक ताव आणून ठेवायच्या.

खडूफळा

आठवतंय की! नोव्हेंबर ७१मध्ये सुरू झालं. आधी कुटुंब नियोजनाच्या तिकिटावरच छापा मारून वापरलं होतं. माझ्या संग्रहात आहे.

भोईवाडाकर

मोगराताई, वहिनीची युक्ती एकदम पटली. आजच मॉनिटरला कळवतो.

पण त्याची बाजू घेतल्याशिवाय राहवत नाही. १९७२ साली अकरावीतल्या मुलाने मुलीच्या दारात जाऊन "तुमच्या मुलीचा सासरचा पत्ता द्या" म्हणायचं? चाळीने त्याला गॅलरीतून खाली टाकला असता. निकालाच्या दिवशी मुलींचे पत्तेसुद्धा त्याने थेट विचारले नव्हते. बाईंनी हजेरीपट पुढे केला, त्यातून उतरवून घेतले. त्या वयात, त्या काळात, एवढं केलं हेच खूप.

सडेतोड

इथे सगळे गहिवरलेत म्हणून उलट बाजू. आमच्या शाळेचा ग्रुप दोन वर्षांत फुटला. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी गुडघ्याचा रामबाण काढा, रात्री राजकारण. शाळेत ज्यांच्याशी पटलं नाही त्यांच्याशी साठीनंतरही पटत नाही, हे मला नव्याने कळण्याची गरज नव्हती. आणि तुम्ही शोधाल, पण तिला सापडायचंय का, हे कुणी विचारलं? एखादीचे दिवस वाईट गेले असतील, एखादीला शाळा नकोशी असेल. परस्पर नंबर ग्रुपवर टाकू नका.

मोगरा_दादर

सडेतोड, पहिल्या भागाबद्दल माहीत नाही, दुसऱ्याशी शंभर टक्के सहमत. वहिनीकडून नंबर घ्यायचा नाही. आपला नंबर वहिनीकडे द्यायचा. वाटलं तर ती करेल फोन.

तिसवाडीकर

मामांच्या वतीने लिहितोय. ते ७९ वर्षांचे आहेत, बाजूला बसून सांगतायत. धागा वाचून दाखवला तेव्हापासून गप्प बसायला तयार नाहीत.

ते पणजीच्या लिसेवमध्ये होते, पोर्तुगीज माध्यमाची शाळा. डिसेंबर १९६१. १८ तारखेला पहाटे दाबोळीच्या विमानतळावर आणि बांबोळीच्या रेडिओ केंद्रावर बॉम्ब पडले. मामा सांगतात, रेडिओ अचानक मुका झाला, त्यावरूनच घरच्यांनी ओळखलं की सुरू झालंय. माघार घेताना पोर्तुगिजांनी पूल उडवले, त्यामुळे फोंड्याकडून येणारी वर्गातली पोरं कितीतरी दिवस आलीच नाहीत. १९ला सगळं संपलं.

वर्गात पोर्तुगीज अधिकाऱ्यांची मुलं होती, ती पुढे कुटुंबांबरोबर निघून गेली. मामांच्या बाकावरचा मुलगा त्यांतलाच. मुक्तीचा आनंद घरात होताच, मामांचे वडील सत्याग्रह्यांना लपवणाऱ्यांपैकी. पण बाकावरचा मित्र गेला तो गेलाच. पोर्तुगालने गोवा गेल्याचं मान्यच केलं नव्हतं, दोन्ही देशांचे संबंध तुटलेले. लिस्बनमधली सत्ता एप्रिल १९७४मध्ये उलथली आणि ३१ डिसेंबर १९७४ला करार झाला, तेव्हा कुठे दार उघडलं. मधल्या काळात मामांच्या वर्गातल्या एकाचे काका नैरोबीला होते, त्यांच्या पत्त्यावर दोन्हीकडची पत्रं जायची आणि ते पाकीट बदलून पुढे पाठवायचे. दोन किशोरांच्या फुटबॉलच्या गप्पांसाठी एका गृहस्थाने आफ्रिकेत बसून इतकी वर्षं पोस्ट ऑफिस चालवलं.

मामा म्हणतात, तो मित्र आता दर नाताळला व्हिडिओ कॉल करतो. दोघांनाही ऐकू कमी येतं. एकजण कोंकणीत ओरडतो, दुसरा पोर्तुगीजमध्ये, आणि घरचे मध्ये बसून दुरुस्त्या करतात.

चकलीची_भाजणी

मामांना नमस्कार सांगा. नैरोबीच्या काकांना तर साष्टांग.

ओहायोची_आजी

इथे अमेरिकेत लेकीकडे असते. शेजारच्या आजोबांच्या शाळेची भेट पाहिली होती. दुसऱ्या महायुद्धात शाळा अर्धवट टाकून गेलेली बरीच मुलं, त्यांना पुढे म्हातारपणी अनेक राज्यांनी शाळेची पदविका दिली, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. पण भोईवाडाकरांच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. भेटीला प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला असतो, त्यावर शाळेतला फोटो आणि बायकांचं माहेरचं आडनाव ठळक, सासरचं बारीक. त्याशिवाय कोण कोणाला ओळखणार? तुमच्याकडे अकरावीचा ग्रुप फोटो असेल तर एकेक चेहरा कापून बिल्ले करा. आणि बिल्ल्यावर अक्षर मोठं ठेवा, सगळ्यांना चष्मे आहेत.

भोईवाडाकर

मंडळी, बातमी आहे!

मोगराताईंच्या सांगण्याप्रमाणे मॉनिटरने वह्या-भाऊ सोडून वहिन्या धरल्या. पहिल्या दोघींनी नावगाव विचारून फोन ठेवून दिला (सत्तरीच्या अनोळखी पुरुषाने नणंदेची चौकशी केली तर दुसरं काय होणार). मग त्याने बायकोला फोनवर बसवलं. तिसऱ्या वहिनीने आमचा नंबर पुढे दिला आणि तिसऱ्या दिवशी आमच्या वर्गातल्या एकीचा फोन आला. नर्सिंग करून नोकरी केली, आता मुलुंडला असतात.

पहिलं वाक्य: "इतकी वर्षं काय करत होतात?"

त्यांच्याकडे मुलींची वेगळी डायरी आहे. १९७२पासूनची! सासरचं नाव, माहेरचं नाव, पत्ता, मुलांची नावं, सगळं. वर्गातल्या जवळपास सगळ्याजणी त्यात आहेत, गेलेल्यांच्या तारखांसकट. शेवटच्या पानावर "मुलगे" असं शीर्षक आणि खाली एकच ओळ: "मॉनिटरला विचारणे." मॉनिटरने हे ऐकून अर्धा तास फोनच उचलला नाही कुणाचा.

नौदलवाल्या भावाची बहीणही सापडली. नागपूरला असते, शिक्षिका म्हणून निवृत्त. तिने स्वतःहून फोन केला. पत्राची गोष्ट सांगितली तर म्हणाली, पत्र मी वाचलंच नाही, माझा आवाज फुटेना म्हणून बाईंनी वाचलं. आणि टाळ्या वाजवायला तुम्ही मुलांनी नाही, आम्ही मुलींनी सुरुवात केली. आमच्या ग्रुपवर यावरून काल रात्रीपासून जुंपली आहे. मला अजूनही तिचाच आवाज आठवतो. मॉनिटर तिच्या बाजूने आहे. भाऊ सुखरूप परत आला, पुढे मर्चंट नेव्हीत गेला. सायकल मात्र घरच्यांनी तो परत यायच्या आधीच विकली होती.

मुलींच्या अटी आल्या आहेत. एक, भेट दुपारची हवी, रात्रीची नाही. दोन, जिने नकोत, लिफ्ट हवी. तीन, आमच्या ग्रुपमध्ये त्या येणार नाहीत, त्यांचा त्यांना पुरेसा आहे. निरोपाला दोन्हीकडून एकेक माणूस. चार, कुणी कविता वाचायची नाही.

सडेतोड

चौथी अट मला आमच्या ग्रुपसाठी हवी होती.

मोगरा_दादर

मुलुंडच्या ताईंना माझा नमस्कार. त्यांची डायरी आणि तुमची वही, दोन्हींचे फोटो काढून ठेवा. कागद पिवळा पडतो. आणि बिल्ल्यांवर माहेरचं नाव मोठं टाकायला विसरू नका, ओहायोच्या आजी बरोबर सांगतायत.

माणदेशी

जेवणात काय ठेवलंय?

भोईवाडाकर

त्यावर अजून एकमत नाही. निम्म्यांना साखर आहे. पुरणपोळी हवी असं एकाच वेळी दोन्ही ग्रुपमधून आलंय, तेवढं तरी जमलं.

खडूफळा

अवांतर: १९७५ला जुनी अकरावी आणि नवी दहावी एकत्रच परीक्षेला बसली होती. त्या साली एकाच शाळेच्या दोन बॅच झाल्या. त्यांचं एकत्र भेटणं कुणी जमवलंय का? आमच्याकडे दोन्ही बाजू आम्हीच खरे ७५वाले म्हणून हटून बसल्यात.